रस्त्याखालच्या वीस ओळी

मेण नुकतं वितळायला लागलं होतं आणि आत्याच्या पुढ्यात दोनशे कलमं मांडून ठेवलेली होती. अशा वेळी कुणी आलेलं तिला आवडत नसे. मेण जास्त तापलं तर कलमाचा डोळा, म्हणजे कोंब, भाजतो, कमी तापलं तर सांधा उघडा राहतो. लक्ष जरा हललं की सकाळची मेहनत पाण्यात. पण नर्सरीच्या फाटकातून आत येत होता तो तिचा भाऊ, दादा, आणि दादा आपल्या पायानं नर्सरीत आल्याला दोन वर्षं तरी झाली असतील. तिनं गॅस बारीक केला.

"बस," ती म्हणाली. "त्या पोत्यावर नको, ओलं आहे."

दादा बसला नाही. त्यानं एक कलम उचललं, सांधा अंगठ्यानं दाबून पाहिला आणि मान हलवली. काम पसंत पडलं की तो मान हलवायचा; तोंडानं कौतुक करणं त्याला कधी जमलं नाही.

"मातीवाल्या बाई अकराला येतायत," तो म्हणाला.

"माहीत आहे. मलाही बोलावलंय."

"म्हणूनच आलो. रोपं कुठं कुठं दिली ते तुला विचारतील. वरच्या बागेचं काय ते सांग. रस्त्याखालच्या वीस ओळींचं मुद्दाम काढू नकोस."

"आणि विचारलं तर?"

"विचारतील कशाला? कुणाला माहीत आहे?"

"मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "वहिनींना माहीत आहे. चिमणीला माहीत आहे."

"म्हणजे घरातल्या घरात. बरोबर ना?"

तिनं एक कलम मेणात बुडवलं, तितक्याच पटकन बाहेर काढलं आणि पाण्यात धरलं. दादा "येतो" म्हणून गेला. जाताना वाकडं लागलेलं फाटक मात्र त्यानं नीट उचलून बसवलं.

गंमत अशी की तासाभरापूर्वीच धाकट्या भावाचा फोन येऊन गेला होता. त्याची मागणी उलटी होती. "ताई, दादा तुझं ऐकतो. त्याला सांग, दोन्ही वाईन सारख्याच आहेत एवढं म्हण. एक वाक्य. त्याचं काय जातंय?" आत्यानं त्यालाही हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. पन्नाशी उलटलेले दोन भाऊ एकाच सकाळी तिच्याकडून एकेक छोटंसं खोटं मागत होते. लहानपणी दोघं भांडून आले की असेच तिच्या दोन बाजूंना येऊन उभे राहत. तेव्हा निदान उंचीनं तरी लहान होते.

प्रश्न रस्त्याचा होता. अण्णांनी, म्हणजे या तिघांच्या वडिलांनी, टेकडीच्या उतारापासून नदीपर्यंत सलग बाग लावली, तेव्हा तिथं धड पायवाट नव्हती. या देशात वाईन होते हेही तेव्हा कुणाला खरं वाटत नसे. बाहेरचे लोक बाटलीवरचा पत्ता वाचून हसायचे आणि मग ग्लास तोंडाला लावून गप्प व्हायचे. अण्णांना ते गप्प होणं फार आवडायचं. रस्ता नंतर झाला, बरोबर बागेच्या मधून. अण्णा गेल्यावर वाटणी झाली ती त्याच रेषेवर: वरची बाग आणि वायनरी दादाची, खालची धाकट्याची, नर्सरी आत्याची. वाटणीवरून कोर्टकचेरी झाली नाही. फक्त तेव्हापासून भाऊ एकमेकांशी पाण्याबद्दल बोलत, फवारणीबद्दल बोलत, पोरांच्या तब्येतीबद्दल बोलत. वाईनबद्दल बोलत नसत. ज्या माणसांच्या घरात दुसरा विषय नव्हता त्यांनी हे नऊ वर्षं निभावलं, हेही एक कसबच म्हणायचं.

आणि आता सरकारनं देशातल्या द्राक्षबागांचे पट्टे आखायला घेतले होते. कुठल्या मातीतली वाईन ते बाटलीवर छापायचं, आणि परदेशी गिऱ्हाइकानं ते नाव बघून बाटली उचलायची. सरकारच्या मातीवाल्या बाईंनी दोन महिने खड्डे खणून माती तपासली. रस्त्याच्या वर चुनखडीचे पांढरे खडे, रस्त्याच्या खाली नदीचा काळा गाळ. रेघ जणू आधीच मारून ठेवलेली. नियमाप्रमाणे वरच्या बाजूला टेकडी पट्टा हे नाव मिळणार होतं. खालच्या बाजूला काहीच नाही. कागदावर तिची नोंद 'इतर' अशी होती. त्या एका शब्दानं धाकट्याचा तिळपापड झाला होता. "अण्णांनी पहिलं रोप लावलं ते खाली, नदीकाठी," तो भेटेल त्याला सांगायचा, "आणि आम्ही 'इतर'?"

एकच फट होती. दोन्ही बाजूंच्या जाणत्या बागायतदारांना खूण न केलेले ग्लास द्यायचे. त्यांना वरची-खालची ओळखता आली नाही, तर रेघ नदीपर्यंत सरकवता येत होती. जाणते कोण, हे विचारायचीसुद्धा गरज पडली नाही.

अकराला आत्या वायनरीत पोचली. लांबच लांब, थंडगार खोली. एका भिंतीला लाकडी पिंपं, दुसरीकडे उंच खिडक्या, मधे अण्णांनी स्वतः रंधा मारलेलं टेबल. चिमणी, म्हणजे दादाची मुलगी, ग्लास पुसत होती. पोरगी तिशीची झाली, परदेशातून वाईन करायचं शिकून आली, दादाच्या वायनरीतली अर्धी कामं आता तिच्याच डोक्यानं चालत. पण घरानं तिचं नाव काही बदललं नाही. तिची आई, म्हणजे वहिनी, टेबलाच्या टोकाला उकडलेली अंडी सोलत बसल्या होत्या. नुसत्या वाईनवर सकाळ काढली की माणसं चिडचिडी होतात, असा त्यांचा अनुभव होता.

"ताई, तुमच्या हाताला मेण लागलंय," वहिनी हळूच म्हणाल्या आणि ओला रुमाल पुढे केला. मग आणखी हळू: "यायला नको म्हणत होते का सकाळी?"

"यायला नको नाही. बोलायला नको."

"वाटलंच मला," वहिनी म्हणाल्या आणि पुढचं अंडं सोलायला घेतलं.

त्या वीस ओळी वहिनींच्या होत्या. चिमणी जन्मली त्या वर्षी अण्णांनी सुनेच्या नावानं करून दिलेल्या. रस्ता झाला तेव्हा त्या खालच्या बाजूला गेल्या. गावाला वाटायचं, त्यांची द्राक्षं बाजारात खायला जातात. जात होती, पण निम्मीच. उरलेली दर हंगामात गुपचूप वर यायची आणि दादाच्या वाइनीत मिसळली जायची. चुनखडीतली वाईन ताठ असते, जिभेला तुरट लागते. खालच्या द्राक्षांनी ती जरा मवाळ व्हायची. कायद्याला आजवर त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण उद्या टेकडी पट्ट्याच्या अर्जावर 'सर्व द्राक्षे रस्त्याच्या वरची' असं लिहून खाली सही करायची होती, आणि दादानं आयुष्यात खोट्या कागदावर सही केली नव्हती.

मातीवाल्या बाई बुटक्या, उन्हानं रापलेल्या, बुटांना चिखल तसाच घेऊन आलेल्या. त्यांनी फार बोलणं केलं नाही. "चिमणीताईंनी काल माझ्यासमोर पाच पिंपांतून नमुने काढले. दोन टेकडीवरच्या शेजाऱ्यांचे, एक या वायनरीचा, दोन खालचे. कुठला ग्लास कुठला, हे फक्त मला माहीत आहे. बोलायचं नाही. कागदावर लिहायचं."

दोघं भाऊ टेबलाच्या दोन टोकांना बसले. दोघांनी ग्लास उजेडाकडे धरला तो सारखाच तिरका. दोघांनी वास घेताना डावा डोळा मिटला. चिमणीनं आत्याकडे बघून भुवया उडवल्या. आत्याला हसू आलं. धाकट्याला नुसतं 'ओळखता येत नाही' लिहायचं होतं. पाच वेळा. दादानंही तसंच लिहिलं की त्याची बाग 'इतर'मधून बाहेर. दादानं मदत नाही केली तरी निम्मं काम तिथंच झालं असतं.

धाकटा लिहीत होता. नुसतं लिहीत नव्हता, चौथ्या ग्लासापाशी तर तो पुन्हा मागे गेला, बादलीत थुंकला, पाण्यानं चूळ भरली, परत घोट घेतला आणि दोन ओळी खरडल्या. आत्या त्याच्या पेन्सिलीकडे बघत होती. तिच्या ध्यानात आलं की हा माणूस आपल्या फायद्याचं विसरून गेलाय.

बाईंनी आधी दादाचा कागद वाचला. "एक, वर. दोन, खाली. तीन, वर. चार, वर, माझी. पाच, खाली." त्यांनी मान वर केली. "पाचही बरोबर."

दादानं पेन्सिल खाली ठेवली. सारख्याच आहेत म्हण, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याच्या हातून लिहिलं गेलं नसतं, हे आत्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तर तिनं तो निरोप पोचवला नव्हता.

मग धाकट्याचा कागद. "एक, वर. दोन, खाली, माझी. तीन, वर, बहुतेक टोकाच्या शेजाऱ्यांची. चार, दादाची..." बाई थांबल्या. पुढचं त्यांनी सावकाश वाचलं. "चार, दादाची, पण हिच्यात आमच्या बाजूचं काहीतरी आहे. पाच, खाली."

धाकटा स्वतःच गोंधळला. त्यानं जे जिभेला लागलं ते लिहिलं होतं. त्याचा अर्थ काय होतो ते मोठ्यानं वाचल्यावर त्याच्या लक्षात येत होतं.

"म्हणजे काय?" बाईंनी दादाला विचारलं.

दादा टेबलाकडे बघत राहिला. बाईंनी आत्याकडे मान वळवली. "रोपं तुमच्या नर्सरीतली आहेत. या वायनरीची सगळी बाग रस्त्याच्या वरच आहे ना?"

आत्याला वाटलं होतं, वेळ आली तर आपण काहीतरी गोलमाल बोलू. तिचं अर्धं आयुष्य दोन भावांच्या मधे गोलमाल बोलण्यातच गेलं होतं. पण समोर धाकट्याचा तो कागद होता. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत त्यानं खरं लिहिलं होतं, आणि त्यानंतर आपण काही लपवायचं हे तिला जमेना.

"रस्त्याखाली वीस ओळी आहेत," ती म्हणाली. "त्यांची कलमं मीच बांधली. त्यातली निम्मी द्राक्षं वरच्या वाइनीत जातात."

"त्या माझ्या आहेत," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. "माझ्या नावावर."

दादा उठला, खुर्ची जागेवर सरकवली आणि बाहेर गेला.

आत्यानं त्याला दहा मिनिटं दिली. मग तीही गेली. दादा वरच्या बागेच्या बांधावर उभा होता. थंडीचे दिवस, वेलींवर पान नाही, नुसती तारांवर बांधलेली काळी खोडं. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे त्या वीस ओळी, आणि त्यांच्याही खाली धाकट्याची बाग नदीपर्यंत.

"रागावलास?" तिनं विचारलं.

"तुझ्यावर? नाही." त्यानं वेलीची तार हातानं ताणून पाहिली. "सही करताना माझा हात अडलाच असता. बरं झालं, तू आधी बोललीस. मला झोप लागली नव्हती चार दिवस."

"मग इथं काय करतोयस?"

दादानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, एक अचंबा होता, लहान पोरासारखा. "एका घोटात ओळखलं गं त्यानं. वीस ओळी, त्याही निम्म्या. एवढ्या मोठ्या टाकीत किती पडत असतील ते? गेल्या वर्षी परदेशातले परीक्षक आले, त्यांना नाही कळलं. चिमणीच्या मास्तरांना नाही कळलं. अण्णांना कळलं असतं. त्यांच्यानंतर मला वाटायचं, आता मीच."

"आणि निघाला हा."

"निघाला हा," दादा म्हणाला. "आणि नऊ वर्षं मी याला कधी एक ग्लास विचारला नाही."

मग त्यानंच विषय बदलला. "चल. बाई अंडी संपवतील."

ते परत आले तेव्हा बाईंनी खरंच चौथं अंडं हातात घेतलं होतं, आणि धाकटा उभा राहून बोलत होता. दादाला बघून तो थांबला.

"मला ते मुद्दाम लिहायचं नव्हतं," तो म्हणाला. "शपथ."

"माहीत आहे," दादा म्हणाला. "तुला मुद्दाम काही जमत नाही."

बाईंनी हात पुसले. "मी यांना तेच सांगत होते. रेघ आता खाली सरकत नाही. तुम्हा दोघांनाही वेगळेपणा इतका स्पष्ट कळतो की मी ती सरकवली तर माझी नोकरी जाईल. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की खालची वाईन वरच्यापेक्षा खरोखर निराळी आहे. दोन भाऊ, दोन बाजू, आणि दोघांची साक्ष एकच. इतकी पक्की साक्ष मला आजवर कुठं मिळालेली नाही. नियमात लहान पट्ट्याची सोय आहे. खालच्या बाजूचा स्वतंत्र पट्टा होऊ शकतो. अट एवढीच, की तिथं जमीन असलेले निदान तीन बागायतदार हवेत."

"मी एक," धाकटा म्हणाला. "आमच्या शेजारचे पोस्टमास्तर दोन. ते निवृत्त झाल्यापासून बागेशिवाय दुसरं काही करत नाहीत, लगेच सही करतील. तिसरा कुठून आणू? बाकी सगळी भाज्यांची शेतं आहेत."

चिमणी आईकडे बघत होती. आत्याही वहिनींकडे बघायला लागली. दादा मात्र खिडकीबाहेर बघत होता. त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"मी तिसरी," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, नीट विचार करा," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "तुमच्या ओळी खालच्या पट्ट्यात गेल्या तर त्यांची द्राक्षं दादाला घेता येणार नाहीत."

"ती तशीही येणार नाहीत, आज ते कळलंच. मग 'इतर' म्हणून पडून राहण्यापेक्षा नाव असलेलं बरं." त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तीस वर्षं त्या ओळींची छाटणी मी करतेय. तुमची वाईन चांगली झाली की सगळे टेकडीचं कौतुक करतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, खरंच नाही. पण एकदा त्यांची निराळी वाईन कशी लागते ते मला प्यायचंय. तुमची काही हरकत?"

दादानं हरकत घ्यायला तोंड उघडलं असावं, असं आत्याला वाटलं. पण तो म्हणाला, "द्राक्षं गाळणार कुठं? तिकडे याची एकच टाकी आहे, आणि तिचा नळ गळतो."

"नळ मी बदललाय," धाकटा म्हणाला.

"कधी?"

"सहा वर्षं झाली."

चिमणीला हसू आवरेना. तिनं तोंड फिरवलं आणि पिंपांच्या रांगेत शेवटपर्यंत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पिंपातून नमुना काढायची काचेची नळी होती आणि नळीत गडद लाल वाईन.

"बाबा, रागावू नका," ती म्हणाली. "पट्ट्यांचं पहिल्यांदा कानावर आलं तेव्हाच मला धास्ती वाटली होती. म्हणून गेल्या हंगामात मी एक पिंप निराळं भरलं. नुसती वरची द्राक्षं. आईच्या ओळींतला एक घड नाही. कोपऱ्यात ठेवलं होतं, वर रिकाम्या पेट्या रचून."

"माझ्या वायनरीत माझ्यापासून लपवून?"

"आजोबांनीसुद्धा पहिलं पिंप असंच लपवलं होतं म्हणे. पणजोबांपासून."

"ते तुला कुणी सांगितलं?"

"आत्यानं."

आत्यानं कानांवर हात ठेवले. मातीवाल्या बाईंनी कागदांची पिशवी आवरली. सह्यांना उद्या पोस्टमास्तरांना घेऊन या, म्हणाल्या, आणि आता इथं आपलं काम नाही हे ओळखून चिखलाच्या बुटांनी बाहेर पडल्या. जाताना वहिनींनी त्यांच्या हातात दोन अंडी दिली.

चिमणीनं ग्लासात थोडी वाईन सोडली. दादानं वास घेतला, घोट घेतला, आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. ती फार तरुण होती, फार ताठ. जिभेला पकडून ठेवत होती. तिला मवाळ करायला काही नव्हतं. दादानं दुसरा घोट घेतला. तिसराही. आत्या त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत ती त्याला आपल्या वाइनीपुढे असा अडखळलेला पहिल्यांदाच बघत होती, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं हेही तिला दिसत होतं.

त्यानं कपाटातून आणखी एक स्वच्छ ग्लास काढला, नळीतली उरलेली वाईन त्यात ओतली आणि टेबलावरून धाकट्याकडे सरकवली.

"मला काही समजत नाहीये," दादा म्हणाला. "तुला काय वाटतं?"

धाकट्यानं ग्लास लगेच उचलला नाही. शर्टाच्या बाहीला हात पुसले. मग तो खिडकीपाशी गेला, उजेडाकडे पाठ केली, डावा डोळा मिटला आणि इतका वेळ वास घेत राहिला की वहिनींचं अंड्यांची टरफलं गोळा करून टेबल पुसूनही झालं.

"हिला बाटलीत भरायची घाई करू नकोस," तो शेवटी म्हणाला. "तीन वर्षं ठेव. कदाचित चार. आत्ता ती नुसती दात दाखवतेय. पण मागे काहीतरी आहे, अगदी तळाशी. पाऊस पडून गेल्यावर दगडाला वास येतो ना, तसं. आपण इतकी वर्षं ते झाकत होतो, दादा."

'आपण' तो म्हणाला. स्वतःच्या लक्षातही आलं नसेल त्याच्या.

दादानं शेजारची खुर्ची ओढली, हातानं तिच्यावरची धूळ झटकली. "बस," तो म्हणाला. "नीट सांग. पहिल्यापासून."

आणि धाकटा बसला आणि सांगायला लागला. आत्याला नर्सरीत दीडशे कलमांना मेण लावायचं होतं, पण ती दाराशी उभी राहून ऐकत राहिली. दादानं एकदाही मधे तोंड घातलं नाही.